नाव न घेतलेलं गाणं

माझ्या गाण्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही, फीत नाही, छापलेलं पुस्तक नाही. हे ऐकलं की समोरचा माणूस हळहळतो आणि मला त्या हळहळीचा राग येतो. गाणं म्हटलं, ऐकलं, संपलं. जेवलेल्या जेवणाचा कुणी फोटो काढून ठेवतं का? हल्ली तेही काढतात म्हणे, तर असो.

पण एका गाण्याची विचारणा अजून होते. कराडकडची एखादी म्हातारी कुणाच्या लग्नात भेटली की हात धरून सांगते, "बाई, त्ये वाटंवरल्या मानसाचं गानं म्हना की." मी दुसरं कुठलंही म्हणते, ते म्हणत नाही. म्हातारीला वाटतं, बाईला आता मिजास चढली. मिजास मला पहिल्यापासूनच आहे, पण कारण ते नाही. काय ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला विश्रामबागेत आईवडिलांकडे राहत होते आणि सकाळच्या शाळेत मुलींना शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. शनिवारची शाळा सुटली की एकतारी जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि एसटी पकडायची, हा माझा क्रम. एकतारी मिरजेत घेतलेली. तिचा भोपळा एका अंगाला चेपलेला होता म्हणून ती बरेच दिवस दुकानात पडून होती. मला तिचा बसका आवाज तार छेडल्याबरोबर आवडला. कंडक्टर लोकांना मात्र ती कधीच आवडली नाही. एकजण तर तिचं अर्धं तिकीट काढा म्हणून इस्लामपूरपर्यंत माझ्याशी हुज्जत घालत होता.

गाणं मी रचायची, चाल मी लावायची आणि म्हणायचीही मीच. हे त्या काळी कुणाच्या पचनी पडत नसे. खेड्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, कुठल्या फडातली बाई? मी सांगे, फड माझाच, त्यातली नाचीही मी आणि सोंगाड्याही मीच. बायका पदर तोंडाला लावून हसत आणि मग जरा सैलावून बसत. शहरात तऱ्हा वेगळी. एका ठिकाणी मला गाणं ध्वनिमुद्रित करायला बोलावलं होतं. तिथले गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, लोकगीत म्हणावं तर रचणारी समोर बसली आहे, भावगीत म्हणावं तर भाषा चुलीपुढची आहे, तुमचं गाणं मी कुठल्या खान्यात घालू? मी म्हटलं, घालूच नका. चहा पिऊन परत आले.

कर्ण्याचंही मला वावडं होतं. तेव्हा देवळादेवळावर नवे कर्णे चढत होते आणि प्रत्येक गावच्या तरुण मंडळाला आपला कर्णा वाजवून दाखवायची घाई असे. त्यातून बाहेर पडणारा माझा आवाज मला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाटे. मी सांगे, जेवढ्यांना नुसतं ऐकू येतं तेवढ्यांसाठीच गाणार. त्यामुळे माझ्यापुढे कधी गर्दी झाली नाही. दुपारची कामं उरकून देवळाच्या ओवरीत शेंगा फोडत बसलेल्या बायका, एवढाच माझा श्रोतृवर्ग. जाताना पदरात शेंगा पडत, ज्वारी पडत, उसाच्या दिवसांत गुळाची ढेप पडे.

माझी रचायची एक पद्धत होती. ज्या घरासाठी गाणं करायचं त्या घरातल्या कुणीतरी मला एक खरी गोष्ट सांगायची आणि ज्याचं गाणं त्याचं नाव सांगायचं. ते नाव मी शेवटच्या कडव्यात ओवत असे. नाव आलं की गाणं त्या घरचं झालं. मग ते मी पन्नास गावं फिरून म्हटलं तरी ते त्याच माणसाचं राही. गाणं नावाशिवाय सोडायचं नाही, असा माझा नेम होता. तो मी एकदाच मोडला.

मलकापूरच्या पुढे बेंगलोर रोडवरून आत गेलं की उसात बुडालेलं एक गाव लागतं. तिथे घरटी एक तरी माणूस पलटणीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा थंडी होती, गुऱ्हाळं चालू होती आणि सगळ्या गावाला काकवीचा वास येत होता. गाणी झाल्यावर बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावायला घेतलं. करंडा धरलेली बाई ओळीनं लावत आली आणि एका बाईपुढे थांबली. पस्तिशीची असेल ती. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. तरीही करंडेवालीचं बोट मध्येच अडलं. तिनं इतरांकडे पाहिलं, सगळ्या शेंगांकडे बघायला लागल्या, आणि मग तिनं घाईघाईनं कुंकू टेकवलं. ती बाई तेवढा वेळ मान ताठ ठेवून बसली होती.

पुढे मी तिला वहिनी म्हणायला लागले, इथेही तेच म्हणते. वहिनींचा नवरा चीनच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तार आली, पेटी आली, माणूस आला नाही. मेलेल्यांच्या यादीत तो नव्हता आणि जिवंतांतही नव्हता. आमच्याकडे अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. तेवढ्यात आला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याचं नाव-गोत्र उच्चारतात आणि त्याला अग्नी देतात. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. तोवर ती सवाष्ण, पण बोट अडतं अशी सवाष्ण. वहिनींची बारा वर्षं पुढच्या थंडीत पुरी होत होती.

त्यांनी मला चहाला घरी नेलं. सोप्यात बाजेवर सासरे बसले होते, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांनी मला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बारा वर्षं झाली की ते मुलाचं क्रियाकर्म करणार होते. त्यांच्या छातीत कळ यायला लागली होती. "मी हाय तवर त्येला आग देतो. मी गेल्यावर कोन देनार? धाकटा रानातनं वर बघत न्हाई," ते म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. लेकाला बेवारशी ठेवून मरायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं.

मग वहिनींनी मला आत चुलीपाशी बोलावलं आणि त्यांचंही म्हणणं मला पटलं. माझं तेव्हा असंच होतं, समोरचा मनापासून बोलला की मी त्याची. वहिनींना नवऱ्याचं गाणं हवं होतं. मेलेल्याचं नको, रडायचं नको, शूरवीराचंही नको. तो घरी चालत येतो आहे असं गाणं हवं होतं. त्याला डोंगरावरून खाली उतरवायचं, मुलखात आणायचं आणि दारापर्यंत पोचवायचं. "येकदम आनू नका," त्या म्हणाल्या. "लांबनं येतोय. दमानं येऊ द्या. तुमी येताल तवा येक कडवं म्हना, आनी ती तारीख यायच्या आत दारात आना."

मी नेहमीसारखं नाव विचारलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी वंगाळ बोलले असावं अशा. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला काय माहीत नव्हतं? मी म्हटलं, सासऱ्यांना विचारते. त्यावर त्यांचा आवाज चढला. माझ्या माणसाचं नाव माझ्या गाण्यात दुसऱ्यानं द्यायचं नाही, आणि मला तर घेता येत नाही, तेव्हा नावावाचून करा. माझा नेम मोडला, पण खरं सांगायचं तर मला तेव्हा ते बरंच वाटलं. बिननावाचा माणूस चालत येतो आहे, यात काहीतरी होतं. चाल तर तिथेच चुलीपाशी सुचली. सुरुवात अशी होती:

बर्फाच्या डोंगरातनं एक पाऊल सुटलं,
वाट न विचारता गं दक्षिणंला वळलं.

महिन्या-दोन महिन्यांनी माझी खेप होई. दर खेपेला वहिनी सोप्याच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसत आणि तो आता कुठे आला ते ऐकत. सुभेदार बाजेवर डोळे मिटून पडलेले असत. ऐकत नाहीत असं दाखवत, पण गाणं थांबलं की त्यांचा पानतंबाखूचा बटवा उघडलेला तसाच हातात असे. पौष-माघात तो डोंगर उतरला, होळीला नर्मदा ओलांडून आला, चैत्रात साताऱ्याला पोचला.

आणि गाणं गाजलं. मी कुठेही गेले तरी बायका तेच मागायच्या. लढाईवर गेलेला, मुंबईला जाऊन न परतलेला, नुसताच रुसून गेलेला, असा कुणी ना कुणी बहुतेक घरांत होता. नाव नसल्यामुळे ज्याला त्याला तो आपला वाटे. उंब्रजला म्हटलं, किर्लोस्करवाडीकडच्या खेड्यांत म्हटलं, तासगावला एका द्राक्षबागेत पाटाच्या कडेला बसून म्हटलं. तिथली म्हातारी मालकीण गाणं संपलं तरी पाटाच्या पाण्याकडे बघत होती.

त्याच चैत्रात पहिली गोष्ट कानावर आली. एसटीत माझ्यापुढे दोघी बायका बोलत होत्या. उंब्रजच्या फाट्यावर एक माणूस उभा असतो म्हणे. भर उन्हात अंगात लांब मिलिटरी कोट, सगळी बटणं लावलेली. कुणाला काही विचारत नाही, घरांच्या दारांकडे बघतो आणि पुढे जातो. मला गंमत वाटली. माझ्या गाण्यात कोट नव्हता, तो लोकांनी घातला होता. गाणं असं वाढत जातं हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

मग कराडच्या बाजारात एका भाजीवालीनं तेच सांगितलं. मी नुकतंच कोयनेच्या पुलाचं कडवं म्हटलं होतं, तो कठड्याला हात लावून खालच्या पाण्याकडे बघतो असं. तिच्या दिरानं त्याला पुलावर पाहिलं होतं, कठड्यापाशी. तरीही मी म्हटलं, ऐकून ऐकून दिसायला लागतं माणसाला. पुढे तासगावहून निरोप आला. त्या म्हातारीनं कळवलं होतं की बाईंना सांगा, दुपारच्या वेळी बागेच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, मी भाकरी घेऊन जाईपर्यंत निघून गेला, पुन्हा कधी येईल ते विचारा. निरोप आणणारा माणूस मला उत्तर मागत थांबला होता.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी मी विश्रामबागेतल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत बसून पुढचं कडवं जुळवत होते. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलं होतं. आई मागच्या अंगणात कुरडया घालत होती. मी जुनी कडवी पहिल्यापासून हलक्या आवाजात म्हणत आले आणि नवं कडवं येईना म्हणून थांबले. वर पाहिलं तर फाटकाबाहेर कुणीतरी उभं होतं. उन्हामुळे तोंड दिसत नव्हतं, कोट दिसत होता. मी तार दाबून धरली. तो तसाच घराकडे तोंड करून उभा राहिला, जरा वेळानं वळला आणि कॉलेजच्या दिशेनं चालायला लागला. मी उठू शकले नाही.

थोड्या वेळानं आई आत आली आणि हात पुसत म्हणाली, अगं, कोण होता तो? मागच्या कुंपणाकडेनं चालला होता, मी अंगणातून त्याला पाणी हवं का विचारलं तर बोलला नाही. एवढ्या उन्हात काय तो कोट!

माझ्या आईनं माझं ते गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या गाण्यांशी तिनं असहकारच पुकारला होता. कोटाच्या गोष्टीही मी घरी बोललेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एकतारी न घेताच वहिनींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, फाट्यावरचं, पुलावरचं, तासगावचं, आमच्या फाटकाचं. मला वाटलं होतं त्या घाबरतील किंवा रडतील. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडता निवडता त्यांचा हात थांबला. उंब्रज, कराड ठीक आहे, त्या म्हणाल्या, ते वाटेवरच आहे. पण तासगाव कुठे वाटेवर आहे? सांगली कुठे वाटेवर आहे?

"तुमी जितं म्हनता तितं त्येस्नी जावं लागतंय," त्या म्हणाल्या. "हाक ऐकू येती, पर कुनी मारली त्ये कळत न्हाई. नाव न्हाई न्हवं हाकंला. मग दारं बघत फिरत्यात."

त्या हे इतक्या साध्या आवाजात बोलल्या, जणू एसटी चुकली आणि दुसरी संध्याकाळी आहे असं सांगत होत्या. मी म्हटलं, मी ते गाणं कुठेच म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, न म्हणून कसं चालेल? अर्ध्या वाटेत सोडायचं का त्यांना?

मग मी तेवढंच केलं, ते गाणं फक्त त्यांच्याच घरात म्हटलं, दुसरीकडे कुणी कितीही मागितलं तरी नाही. बायका चिडल्या. दोन गावांनी मला बोलावणं बंद केलं. पावसाळ्यात तो मलकापूरला आला, दसऱ्याला फाट्यावर, दिवाळीनंतर गावाच्या शिवेवर. तिथे मी त्याला थांबवून ठेवला. एकच कडवं राहिलं होतं आणि मला ते करायचं नव्हतं. खरं सांगते, मी भ्याले होते. दारात कोण येईल, कसा येईल, याचा विचार मनात आला की मी रात्री दिवा मालवत नसे.

क्रियाकर्माची तारीख ठरली. आदल्या दिवशी मी गेले ती वहिनींना समजवायला, की राहू द्या, शिवेपर्यंत आला हेच खूप झालं. त्यांनी माझं ऐकूनही घेतलं नाही. दाराबाहेर सडा घातलेला होता. उंबऱ्यापाशी पाण्याची घागर, तांब्या आणि पाटीत भाकरीचा तुकडा मांडून ठेवला होता, लांबून आलेल्या माणसावरून उतरून टाकायला. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. "बसा. म्हना," त्या म्हणाल्या. "नावाच्या जागी थांबा. नाव मी घेते."

मी विचारलं, आणि आयुष्याचं काय? त्यांनी ते आधीच मनाशी मोजून ठेवलेलं होतं.

भर दुपार होती. धाकटा दीर रानात होता, त्याची बायको आत मुलाला निजवत होती. सुभेदार बाजेवर नेहमीसारखे पाय पसरून पडलेले होते. कुत्रं ओट्याखाली झोपलं होतं. मी पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. शिव ओलांडून त्याला आत घेतलं, पाणवठा आला, पार आला, बोळ आला, आणि त्याला उंबऱ्याशी आणून मी थांबले. तेव्हा वहिनींनी नाव घेतलं.

ते मी इथे लिहीत नाही. साधं तीन अक्षरी नाव होतं, आपल्याकडे गावोगाव असतं तसं. पण त्यांच्या तोंडाला त्याची सवय नव्हती. पहिलं अक्षर फुटलं, मध्ये श्वास अडला, मग उरलेलं बाहेर पडलं. त्यांनी ते एकदाच घेतलं, मोठ्यानं, दाराबाहेर बघत.

कुत्रं उठलं. ते भुंकलं नाही. बोळाच्या तोंडापर्यंत गेलं आणि परत आलं, पण परत येताना ते रस्त्याच्या मधून आलं नाही, एका कडेनं आलं, मालकाच्या पायाशी चालतं तसं. वहिनी उठल्या. तांब्या भरून उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पाणी ओतलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भाकरीचा तुकडा समोरच्या मोकळ्या जागेवरून उतरवला आणि लांब टाकला. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

माझं लक्ष सुभेदारांकडे गेलं. त्यांचे डोळे उघडे होते. ते कोपरावर उठले, पसरलेले पाय त्यांनी पोटाशी ओढून घेतले आणि बाजेच्या पायथ्याशी जागा करून दिली. कुणी आलं की आपण सहज सरकतो, तसे ते सरकले. बाजेची सुतळी करकरली आणि त्या बाजूला खाली गेली.

वहिनींनी गूळ आणि पाणी आणून तिथे ठेवलं. मी तेव्हाच सोप्यातून बाहेर पडले. पाणी कमी झालं की नाही ते बघायला मी थांबले नाही.

त्या रात्री मी शेजारच्या घरी झोपले. सकाळी आले तर सुभेदार अंघोळ करून, गुळगुळीत दाढी करून, डोक्याला पटका बांधून ओट्यावर उभे होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. समोर भटजी दर्भाची जुडी घेऊन उभे होते आणि सुभेदार त्यांना परत पाठवत होते.

"आज काय न्हाई. मानूस घरात हाय," ते म्हणाले. "जित्या मानसाला कोन जाळतंय?"

भावकीतली चार माणसं दारापुढे येऊन बसली होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या तोंडांवर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. केस ओले आणि मोकळे होते. हात बोडके होते. कपाळावर कुंकू नव्हतं, ते बारा वर्षं जिथे होतं तिथे कातडी गोरी दिसत होती.

"भटजीबुवा, थांबा," त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "मामंजी, पहाटं गेले त्ये. तुमाला डोळा लागला हुता."

"कुटं गेला?" सुभेदारांनी विचारलं.

"नाव घेतलं मी. मग कितीसं ऱ्हानार?" त्या म्हणाल्या. "पर घरात गेले. माझ्या म्होरं गेले."

सुभेदार बाजेकडे बघत उभे राहिले. पायथ्याची सुतळी वर आलेली होती. मग ते खाली बसले आणि रडायला लागले. बारा वर्षं ते मिसिंग म्हणजे काय असतं हे सगळ्यांना समजावून सांगत होते, रडले मात्र त्या सकाळी. पटक्याचं टोक तोंडात धरून रडत होते. मला ते बघवेना आणि मीही रडले, कुणासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

भटजी म्हणाले, नदीवर चला, पानांचा पुतळा तिथेच करायचा असतो. वहिनींनी ऐकलं नाही. घरात मेलेला माणूस घरातूनच निघतो, पुतळा सोप्यात करायचा आणि तिरडीवरून न्यायचा, असा त्यांनी हट्ट धरला. शेवटी सुभेदार म्हणाले, ती म्हणते तसं करा. भटजींनी बाजेशेजारी पळसाची पानं मांडली, दर्भानं हातपाय बांधले, डोक्याला नारळ ठेवला. भटजींनी नाव-गोत्र विचारलं तेव्हा कुणी बोलायच्या आत वहिनींनीच सांगितलं. या खेपेला त्या अडखळल्या नाहीत. वर त्यांनी पांढरं कापड घातलं आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचलं, थंडीत माणसाला गारठा लागू नये असं.

म्हणून मी ते गाणं म्हणत नाही. त्यात आता नाव आहे. तो माणूस एकदा फार लांबून आला आणि गेला, त्याला पुन्हा हाक मारायचा मला अधिकार नाही. आणि नाव गाळून म्हणावं, तर दारं बघत कोण फिरायला लागेल ते मला माहीत नाही.

तिरडी धाकट्या दिरानं आणि भावकीतल्या तिघांनी उचलली. ओंजळभर पाला आणि एक नारळ, त्याला चार खांदे कशाला, असं दीर उचलण्याआधी पुटपुटला होता. आम्ही बायका दारात उभ्या राहून बघत होतो. बोळ संपायच्या आतच ते थांबले आणि त्यांनी खांदा बदलला. नदीच्या उतारावर पुन्हा थांबले, पुन्हा बदलला, आणि पारावरची आणखी दोन माणसं पळत जाऊन खाली शिरली. दुपारी दीर घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता. वहिनींनी त्याला वाटीत तेल आणून दिलं.